खाणीतून तळ्यात: फिनिशचे पहिले धडे

सोत्कामोस्सा ओन काइवोस. काइवोक्सेस्सा ओन आल्लास. आल्लास वुओता. आल्तास्ता वालू वेत्तॅ यॅर्वेन. वेदेस्सॅ ओन निक्केलिॲ.

ही पाच फिनिश वाक्यं. सोत्कामोत खाण आहे. खाणीत तळं आहे. तळं गळतंय. तळ्यातून सरोवरात पाणी वाहतंय. पाण्यात निकेल आहे. वाक्यं नवशिक्यासाठी मी जुळवली आहेत, पण घटना खरी आहे. ४ नोव्हेंबर २०१२ रोजी फिनलंडच्या पूर्वेकडच्या कायनू प्रांतात, सोत्कामो इथल्या ताल्विवारा खाणीतलं सांडपाण्याचं तळं गळू लागल्याचं उघड झालं. पुढे कितीतरी महिने तिथल्या बातम्यांत हेच शब्द येत राहिले: खाण, तळं, गळती, पाणी, सरोवर. ज्याला फिनिशची अक्षरओळखच आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक मला तरी माहीत नाही.

रत्नागिरीत बसून फिनिश शिकायचं तर समोर बसून शिकवणारं माणूस मिळणं कठीण. पण शिकण्याची गरज आता तितकी दूरची राहिलेली नाही. नर्सिंग, संशोधन, इंजिनिअरिंगच्या निमित्ताने आपली मुलं तिकडे जातात, आणि तिथे कायमचं राहायचं, नागरिकत्व घ्यायचं म्हटलं की फिनिश किंवा स्वीडिश भाषेच्या राष्ट्रीय परीक्षेत मधली पातळी गाठावी लागते. बहुतेक जण शिकायला बसतात ते "माझं नाव अमुक, मला कॉफी आवडते" यापासून. त्यात चूक काही नाही. पण कॉफीवर दहा वाक्यं झाली की विषय संपतो. खाणीच्या पाण्याचा विषय संपत नाही, आणि कोकणातल्या माणसाला तो मुळात परका नाही.

फिनलंडचं सरकारी नभोवाणी-दूरदर्शन मंडळ आहे 'युले'. १९९२ पासून ते रेडिओवर सोप्या फिनिशमध्ये बातम्या देतं. निवेदक सावकाश वाचतो, मजकूरही सोबत मिळतो, म्हणजे कानाने ऐकत ऐकत डोळ्यांनी वाचता येतं. अशा भाषेला तिथे 'सेल्को' म्हणतात. तिची शिस्त ठरलेली आहे. एका वाक्यात एकच गोष्ट. रोजच्या वापरातले शब्द. अवघड शब्द टाळता येत नसेल तर पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ. घटना जशी घडली त्याच क्रमाने सांगायची. कोणी केलं ते शक्यतो लपवायचं नाही. ही भाषा लहान मुलांसाठी नाही. बुद्धीची अडचण असलेली माणसं, स्मृती क्षीण झालेले वृद्ध आणि नव्याने देशात आलेले परदेशी, अशा सगळ्यांचा हिशेब धरला तर लोकसंख्येतल्या ११ ते १४ टक्के लोकांना तिची गरज असावी, असा तिथल्या सोप्या भाषेच्या केंद्राचा २०१९ चा अंदाज आहे. जपानमध्येही १९९५ च्या कोबे भूकंपानंतर परदेशी लोकांना सूचना कळल्या नाहीत, हे ध्यानात आल्यावर हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 'सोपी जपानी' घडवायला घेतली. म्हणजे हा विचार बहुधा संकटातून येतो. पाणी पिऊ नका, हे सगळ्यांना कळलंच पाहिजे.

वेत्तॅ एइ सा युओदा. पाणी पिऊ नये. हे सहावं वाक्य.

आता या वाक्यांच्या आत शिरू. मराठी माणसाला फिनिश अवघड जाते हा समज मला पटत नाही. इंग्रजी माणसाला ती नक्कीच अवघड जाते. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत असं ऐकलं की तो घाबरतो, कारण त्याला 'घर'च्या आधी छोटे छोटे शब्द लावायची सवय. आपण विभक्तीतच वाढलो आहोत. पाणी, पण पाण्यात, पाण्याचा, पाण्यातून. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो, त्याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणत आलो. फिनिशमध्ये नेमकं हेच घडतं. पाणी म्हणजे 'वेसी', पाण्याचा म्हणजे 'वेदेन', पाण्यात म्हणजे 'वेदेस्सॅ'. खाण म्हणजे 'काइवोस', खाणीत म्हणजे 'काइवोक्सेस्सा', खाणीतून म्हणजे 'काइवोक्सेस्ता'. तळं म्हणजे 'आल्लास', तळ्यातून म्हणजे 'आल्तास्ता'. नदी म्हणजे 'योकी', पण नदीचा म्हणताना मधला 'क' गळून जातो, 'योएन'. हे बदल पाठ करावे लागतात खरे, पण असं का होतं याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही.

याहून मोठी सोय 'त' आणि 'तून', 'वर' आणि 'वरून' या जोड्यांची आहे. फिनिशमध्ये जागेच्या विभक्तींचे दोन गट आहेत. एक आतला: आत असणं, आतून बाहेर येणं, आत जाणं. दुसरा बाहेरचा किंवा वरचा: वर असणं, वरून येणं, वर जाणं. घरात, घरातून, डोंगरावर, डोंगरावरून. हा फरक मराठीने आपल्याला आयता दिलेला आहे. शिकणाऱ्याने वेगळं पाठ करायचं ते एवढंच, की आपण 'तळ्यात' हा एकच शब्द तळ्यात असलेल्या माशाला आणि तळ्यात पडलेल्या दगडालाही वापरतो, फिनिश मात्र या दोन गोष्टींना वेगळे प्रत्यय लावते. सरोवरात आहे ते 'यॅर्वेस्सॅ', सरोवरात जाऊन पडलं ते 'यॅर्वेन'. प्रदूषणाच्या बातमीत हा भेद फार कामाचा ठरतो. निकेल सरोवरात आधीपासून होतं की बाहेरून आलं, हे एका प्रत्ययावर कळतं.

उच्चाराचंही तसंच. 'बॅट' मधला ॲ आपल्याकडे आहेच, तोच फिनिशमध्ये पदोपदी येतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर यांवर तिथे अर्थ बदलतो: 'तुली' म्हणजे आग, 'तूली' म्हणजे वारा, 'तुल्ली' म्हणजे जकात. देवनागरीत हे तिन्ही वेगळे लिहिता येतात. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. लिंग नाहीच, तो आणि ती यांना एकच शब्द. "माझ्याकडे पाणी आहे" म्हणताना आपण जसं जवळ असल्याचं क्रियापद वापरत नाही, तसंच तेही वापरत नाहीत. आणि नकार? मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. आपल्याकडे 'नाही' पुरुष-वचनाप्रमाणे चालतो, तसा फिनिशमध्येही चालतो. वरच्या 'एइ सा युओदा' मधला 'एइ' हा तोच चालणारा नकार.

अवघड काय आहे तेही सांगायला हवं. ओठ गोल करून म्हणायच्या ई आणि ए या दोन स्वरांना आपल्या जिभेला सवय नाही. प्रत्यय शब्दाच्या स्वराशी जुळवावा लागतो, म्हणून 'काइवोक्सेस्सा' पण 'वेदेस्सॅ'. सगळ्यात छळते ती अंशवाचक विभक्ती. 'वेसी' म्हणजे ते ठरलेलं पाणी, 'वेत्तॅ' म्हणजे काही पाणी, अनिश्चित प्रमाणातलं. गळणारं पाणी, वाहणारं पाणी, प्यायचं नाही ते पाणी, ही सगळी 'वेत्तॅ'. मराठीत याला जोड नाही. नियम वाचून हे कधीच डोक्यात बसत नाही. खाणीच्या वीस-पंचवीस बातम्या वाचल्यावर ते आपोआप कानाला पटायला लागतं. आणखी एक गोष्ट: बातम्यांची भाषा प्रमाण फिनिश असते. रस्त्यावरची फिनिश शब्द कापते, प्रत्यय गिळते. संगमेश्वरी ऐकणाऱ्याला किंवा मालवणी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीचं आणि बोलीचं अंतर समजावून सांगावं लागत नाही. तेवढंच ते आहे असं समजावं.

एकाच विषयावर वाचत राहण्याचा हा मार्ग भाषाभ्यासकांनीही सुचवला आहे. अमेरिकेतले स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ पासून तो मांडला: नवशिक्याने दहा विषयांत भटकू नये, एका विषयात मुरावं, कारण तिथले शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं, की मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा असेल तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. अनोळखी विषयावरच्या साध्या बातमीत नवशिक्या याच्या जवळपासही नसतो. खाणीच्या बातमीत तो लवकर तिथे पोचतो, कारण शब्दांची घरंच तिथे बांधलेली असतात. एक 'वेसी' आला की मागून 'यॅतेवेसी' म्हणजे सांडपाणी, 'पोह्यावेसी' म्हणजे भूजल, 'युओमावेसी' म्हणजे पिण्याचं पाणी, 'सादेवेसी' म्हणजे पावसाचं पाणी. जोडशब्द तिथे अखंड चालतात, आणि पाण्याच्या गोष्टीत त्यांचा अर्धा भाग आधीच माहीत असतो.

पण शब्द कळले म्हणजे बातमी कळली असं होत नाही. ताल्विवारात नेमकं काय झालं, ते समजलं तर वाक्यं मनात टिकतात.

तिथला खडक काळा, गंधकयुक्त. निकेल, जस्त, तांबं, कोबाल्ट त्यात फार विरळ आहेत, म्हणून भट्टीत घालून परवडत नाही. २००८ मध्ये खाण सुरू झाली ती वेगळ्या तंत्राने. खडक फोडून त्याचे प्रचंड ढीग रचायचे, त्यांवर आम्लयुक्त पाणी शिंपायचं, खालून हवा सोडायची. गंधकावर जगणारे जिवाणू खडक खातात, धातू पाण्यात उतरतो, ते पाणी गोळा करून त्यातून धातू काढायचे. उरलेलं आम्ल पाणी चुन्याने शमवायचं, म्हणजे जिप्समचा गाळ तयार होतो. हा गाळ आणि पाणी ज्या तळ्यात साठवलं होतं, तेच २०१२ च्या नोव्हेंबरात गळलं. खडकात युरेनियमही होतं, तेही पाण्यात थोडं होतंच.

मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग निकेल नव्हे, मीठ वाटतो. प्रक्रियेत कॉस्टिक सोडा वापरला जात असे, त्यामुळे सांडपाण्यात सोडियम सल्फेट भरपूर होतं, आणि ते गळतीच्या आधीपासूनच खालच्या सरोवरांत उतरत होतं. थंड देशातल्या सरोवरांची एक सवय असते. पाणी चार अंश तापमानाला सर्वांत जड असतं. त्यामुळे वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदात पाणी थंड होताना वरचं पाणी खाली जातं, खालचं वर येतं, आणि तळाला वर्षातून दोनदा ताजा प्राणवायू मिळतो. खाणीचं खारट पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड. ते पेल्याच्या तळाशी काकवी बसावी तसं सरोवराच्या तळाशी जाऊन बसलं, आणि हलेनासं झालं. उलथापालथ थांबली. तळाचा प्राणवायू संपला. कोणतंही जहाल विष न घालता सरोवराचा श्वास कोंडला. खाणीखालच्या किवियॅर्वीसारख्या सरोवरांची बातमी वाचताना 'सुओला', म्हणजे मीठ, हा शब्द का येतो, ते हे कळल्यावर उलगडतं.

खाणीची मूळ कंपनी नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ऑगस्ट २०१५ पासून खाण 'तेर्राफामे' या बहुतांश सरकारी मालकीच्या कंपनीकडे आहे, आणि आता तिथलं निकेल विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी जातं.

या बातम्या वाचताना नवशिक्याला एक व्याकरणाचं वळण भेटतं, ज्याच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. 'वेत्तॅ योह्देत्तीन योकेन': पाणी नदीत सोडण्यात आलं. 'काइवोस योह्ती वेत्तॅ योकेन': खाणीने नदीत पाणी सोडलं. पहिल्या वाक्यातलं क्रियापद असं घडवलेलं आहे की कर्ता सहसा लिहिताच येत नाही. कोणीतरी सोडलं, एवढंच. सोप्या बातमीचा नियम दुसऱ्या वाक्याकडे ओढतो. आपल्याकडचं सरकारी मराठी '-ण्यात आले' वर चालतं, हे सांगायला नकोच. वर्षानुवर्षं वाचून ते इतकं अंगवळणी पडलं आहे, की ते वाचताना "कोणी?" हा प्रश्न मनात उठत नाही. परक्या भाषेत अक्षर अक्षर लावत वाचताना तो उठतो.

आता शिकलेले प्रत्यय आपल्याच गावांना लावून पाहायचे. 'कळनेस्सा ओन काइवोस': कळण्यात खाण आहे. 'काइवोक्सेस्ता वालुई वेत्तॅ क्यूलॅन': खाणीतून गावात पाणी वाहत आलं. हेही खरंच घडलेलं आहे. जुलै २०२१ च्या शेवटी, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात कळण्याच्या लोहखनिजाच्या खाणीत पावसाचं पाणी तुंबलेलं असताना शेजारचा डोंगराचा भाग खचला, आणि लाल चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत शिरला. १९८१ पर्यंत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

कोकणातली खाण फिनलंडच्या खाणीसारखी नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. तिकडचा खडक गंधकाचा, उघडा पडला की आम्ल होणारा. आपल्याकडे जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातलं धुऊन जाण्यासारखं सगळं धुऊन गेलं, उरलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियमचं गंजलेलं कवच. म्हणून रेडी-कळण्याकडे लोहखनिज, दापोली-मंडणगडच्या सड्यांवर बॉक्साइट. इथे आम्लाची भीती कमी. इथली भीती गाळाची, धुळीची आणि विहिरीची. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बराचसा या कातळातून झिरपत खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातो, तिथे अडतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. पऱ्या, वहाळ, पाट, आगरातली विहीर, सगळं त्या झऱ्यावर. वरचा थर काढून नेला की मुरण्याची जागाच जाते, आणि सुटी झालेली माती पहिल्या पावसात शेतात उतरते. मोहोरावर आणि काजूच्या पानांवर बसणारी लाल धूळ तर खाणीच्या रस्त्यालगतच्या प्रत्येक बागायतदाराने पाहिलेली आहे. पलीकडे गोव्यात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, पाणी उपसावं लागलं, विहिरी आटल्या. तिथलं लोहखनिजाचं खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं ५ ऑक्टोबर २०१२ रोजी, ताल्विवाराचं तळं गळण्याच्या सुमारे एक महिना आधी.

आणि भाषेचा प्रश्न? तो कळण्याच्या गोष्टीत सुरुवातीपासून आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो, त्याचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आणि जनसुनावणी घ्यावी लागते. कळण्याची जनसुनावणी २० सप्टेंबर २००८ रोजी बोलावली गेली, तेव्हा लोकांच्या हातात मराठी अहवाल नव्हता. सुनावणी ११ ऑक्टोबरला पुन्हा घ्यावी लागली. लोकांनी शेती, बागायत, पाणी यांबद्दल हरकती घेतल्या, लेखीही दिल्या. निष्कर्ष असा निघाला की सगळ्या शंकांचं प्रकल्पकर्त्याने निरसन केलं आहे. मार्च २००९ मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली. हा घटनाक्रम माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने आपल्या अहवालात नोंदवून ठेवला आहे. मंजुरीनंतर बारा वर्षांनी चिखल ज्या बागायतीत शिरला, तिच्याबद्दल लोक २००८ मध्येच बोलत होते.

त्या गटाच्या अहवालाचेही भाषेपायी हाल झाले. ऑगस्ट २०११ मध्ये तो सरकारला सादर झाला, लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराच्या लढाईनंतर, आणि इंग्रजीत. राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा मराठी सारांश विपर्यस्त असल्याचं गाडगीळांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आमचा परिसर संवेदनशील म्हणून जाहीर करा असे ठराव याच गटाकडे दिले होते. ते ठराव मराठीत होते, आणि काय हवं ते त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. २०२० मध्ये पर्यावरण मंजुरीच्या नव्या नियमांचा मसुदा आला तेव्हाही तो फक्त इंग्रजी-हिंदीत होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तो राज्यघटनेच्या परिशिष्टातल्या बावीसही भाषांत द्या.

नुसतं भाषांतर पुरतं असं मात्र नाही. अशा अहवालांच्या मराठी सारांशांची एक धाटणी असते. साधारण असं वाक्य: "प्रकल्प प्रस्तावकामार्फत उत्खनन क्षेत्रातील पृष्ठीय अपवाहाचे अवसादन तलावांद्वारे व्यवस्थापन करण्यात येऊन तद्नंतर नैसर्गिक जलप्रवाहांमध्ये विसर्ग करण्यात येईल." वाक्य मी त्या धाटणीवर रचलं आहे, पण ज्याने असा एखादा सारांश उघडला आहे तो ते ओळखेल. यात इंग्रजी शब्द एकही नाही. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी इथूनच चालवली, तिचं ऋण मराठीवर मोठं आहे. पण शुद्ध करणं हे एक काम आणि सोपं करणं हे दुसरं काम. दुसरं अजून व्हायचं आहे.

फिनिश बातमीची शिस्त या वाक्याला लावून पाहू. खाणीवर पाऊस पडेल. पावसाच्या पाण्यात लाल माती मिसळेल. कंपनी हे पाणी एका तळ्यात साठवेल. माती तळ्यात खाली बसेल. मग कंपनी वरचं पाणी वहाळात सोडेल.

पाच वाक्यं झाली, आणि लगेच प्रश्न उभे राहिले. तळं केवढं? एक हेक्टर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. खाण दहा हेक्टरची असेल तर एक कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे हजार टँकर. शंभर मिलिमीटर हा रत्नागिरीत जुलैच्या एका मुसळधार दिवसाचा पाऊस असतो, कधी त्याच्या दुप्पट पडतो. थोडं मुरेल असं धरलं तरी उरलेलं तळ्यात मावेल का? माती खाली बसायला पाणी किती तास स्थिर राहायला हवं? वाळू मिनिटांत बसते, जांभ्याची बारीक माती दिवस दिवस तरंगत राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला तर? बांध फुटला तर पाणी कुणाच्या आगरात जाईल? मूळ वाक्यात हे सगळे प्रश्न होते, पण 'अवसादन' आणि 'करण्यात येऊन' यांच्या आड दडलेले. सोप्या वाक्याने माहिती कमी झाली असं कुणी म्हणेल, तर मला उलट दिसतं: ती आता मोजता येते.

हे काम कुणी करावं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने सारांश असाच लिहून द्यावा अशी सक्ती हवी, आणि तोवर ते इथल्या महाविद्यालयांतल्या मराठी आणि भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करावं. एका बाजूला भाषा येते, दुसऱ्या बाजूला खडक कळतो. फिनिश शिकणारी मुलगी यात असेल तर तिचा उपयोग सर्वांत जास्त, कारण एका वाक्यात एक गोष्ट लिहायची सवय तिला आधीच लागलेली असेल.

नियमांत यासाठी जागा आहे, ती माहीत असावी. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. अहवाल आणि सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवावे लागतात. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले वरिष्ठ अधिकारी बसतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी नोंदी घेतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं. आणि सभा उठण्याआधी त्या नोंदींचा गोषवारा जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो. त्यानंतरच त्यावर सही होते.